गाडी पाणी खाते, घाटात काटा चढतो, पण गळती कुठेच दिसत नाही : ४-५ लाख किमी झालेल्या डिझेल गाड्यांसाठी

कूलंटची बाटली भरली की आठ-दहा दिवसांत परत मिनिममच्या खाली, पार्किंगमध्ये जमिनीवर एक थेंब नाही, सपाट रस्त्याला तापमानाचा काटा मधोमध आणि खंबाटकी नाहीतर कसारा लागला की हळूहळू वर सरकायला लागतो. जास्त चाललेल्या डिझेल गाड्यांमध्ये हे दुखणं इतकं कॉमन आहे की टूरवाल्या दर दुसऱ्या माणसाला यातून जावं लागलंय, आणि दरवेळी गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकायला मिळतं, "हेड गॅस्केट गेलं, हेड उघडावं लागेल." (हेड म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील.) कधीकधी ते खरंही असतं. पण हेड उघडायच्या आधी बघायच्या अशा बऱ्याच गोष्टी आहेत ज्यांना काहीशे रुपये आणि एक रविवार पुरतो, आणि त्या न बघता हेड उघडलं तर काम होऊनही पुढच्या उन्हाळ्यात गाडी परत तापते कारण मूळ कारण तसंच राहिलेलं असतं. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

मी जास्त करून जुन्या इनोव्हावर बोलतोय, म्हणजे २००५ ला आपल्याकडे आली ती, २.५ लिटरचं २४९४ सीसी डी-४डी इंजिनवाली, कारण ती गाडी मी रोज हाताळतो. पण स्कॉर्पिओ, सुमो, बोलेरो, झायलो, कुठल्याही उभ्या म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनच्या, पुढे बेल्टवर फिरणारा फॅन असलेल्या डिझेल गाडीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी हे सांगा, गाडी तापते कधी?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही आणि अर्धं निदान यातच आहे. चार-पाच दिवस नीट लक्ष ठेवा, डायरीत लिहा.

ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर रांगताना तापते, आणि जरा रस्ता मोकळा मिळाला, ७०-८० चा स्पीड लागला की काटा आपोआप खाली येतो, तर हवा कमी पडतेय. म्हणजे फॅन, फॅनचा क्लच, रेडिएटरचा पंखा झाकणारं प्लास्टिकचं कव्हर म्हणजे श्राउड, नाहीतर जाळीत बसलेली घाण.

उलट एक्सप्रेसवेला १०० च्या स्पीडला सलग चालवताना तापते आणि स्पीड कमी केला की उतरते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोक, वॉटर पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धाच उघडणारा, किंवा खालचा होज आतून मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होणारा.

फक्त एसी चालू असतानाच तापते तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा, त्यावर खाली लिहिलंय.

आणि तापत अजिबात नाही पण पाणी मात्र कमी होत राहतं, ही वेगळी जात आहे. इथे बारीक गळती गरम इंजिनवर पडून जागीच वाळतेय, किंवा कॅप दाब धरत नाही, किंवा ज्या गाड्यांना ईजीआर कूलर (जळालेला गॅस परत इंजिनात घेताना पाण्याने गार करणारा भाग) आहे त्यात तो आतून फुटून पाणी सायलेन्सरवाटे जातंय. हेडचा नंबर यांच्या नंतर लागतो.

एक गोष्ट काट्याबद्दल. बहुतेक गाड्यांमध्ये तो काटा खरं तापमान दाखवत नाही, बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये मध्यावरच धरून ठेवलेला असतो, त्यामुळे काटा हलायला लागला म्हणजे पाणी आधीच बरंच तापलेलं असतं. तुमच्या गाडीला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) चालत असेल तर छोटा ब्लूटूथवाला घ्या आणि मोबाइलवर कूलंटचा आकडा बघा, निदान करायला याच्याइतकी उपयोगी वस्तू नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा, चढलेला काटा घाटात अचानक झपकन खाली पडला तर आनंद मानू नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तोपर्यंतच बरोबर सांगतो, पाणीच संपलं की तो कोरड्या वाफेत राहतो आणि थंड दाखवतो. तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्या.

कॅप. आधी कॅप.

इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, रेडिएटरची कॅप उघडा. आत पाणी काठोकाठ पाहिजे. बाटलीत पाणी मॅक्सपर्यंत आहे आणि रेडिएटरमध्ये मात्र दोन बोटं खाली, असं दिसलं तर कॅपचा उलटा व्हॉल्व्ह किंवा बाटलीला जाणारी बारीक नळी गेलेली आहे. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, एक दाब जास्त झाला की पाणी बाटलीत सोडतो, दुसरा इंजिन गार होताना तेच पाणी परत ओढून घेतो. बरेच जण फक्त बाटली बघून निश्चिंत असतात आणि इंजिन वरून रिकामं होत असतं.

कॅपचं काम नुसतं झाकणाचं नाही. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण त्यावर एक बारचा जादा दाब ठेवला की साधारण १२० पर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. आता महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच आहे, तिथे उघडं पाणी ९६ च्या आतच उकळतं. म्हणजे कॅपचं रबर कडक होऊन दाब सुटत असेल तर मुंबईत जी गाडी ठीक चालते ती पसरणीचा घाट चढून वर आल्यावर उकळते, आणि लोक रेडिएटर बदलतात. कॅपच्या रबरावर नखाने दाबून बघा, गोल खाच पडलेली असेल, चीर असेल, स्प्रिंग ढिली वाटत असेल तर सरळ ओरिजिनल कॅप आणा. त्यावर जो दाबाचा आकडा लिहिलाय तोच घ्या, जास्त दाबाची कॅप लावून जुन्या रेडिएटरचं प्लास्टिक फोडून घेऊ नका.

मग गळती शोधायची, पण दाब देऊन

जमिनीवर थेंब नाही म्हणून गळती नाही असं होत नाही. गरम इंजिनवर गळलेलं पाणी उडून जातं आणि मागे कूलंटची पावडर राहते, गुलाबी, हिरवट नाहीतर पांढरी, तुमच्या कूलंटच्या रंगाप्रमाणे. टॉर्च घेऊन ती पावडर शोधा. होजच्या क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीच्या जोडावर, हीटरकडे जाणाऱ्या पाइपांच्या टोकाला, आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाजवळ. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. तिथे ओघळ वाळलेला दिसला की पंप जाणार हे नक्की, एम-सील लावून ते भोक बुजवणारे मी बघितलेत, कृपया तसं करू देऊ नका, बेअरिंग अडकलं तर बेल्ट तुटेल आणि फॅन रेडिएटरमध्ये घुसेल.

याने नाही सापडलं तर प्रेशर टेस्टर. कॅपच्या जागी बसतो, हातपंप आणि वर दाबाचं घड्याळ, इंजिन थंड असताना कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत मारायचा आणि पंधरा-वीस मिनिटं बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर बाहेरची गळती जवळजवळ नाहीच. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर पायाशी केबिनमध्ये कार्पेट चाचपून बघा, हीटरची कोर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटर गळत असतो आणि काचेवर चिकट धुकं येतं ते पावसाळ्याचं समजून लोक सोडून देतात. तिथेही कोरडं असेल तर पाणी इंजिनच्या आत जातंय. चांगल्या रेडिएटरवाल्याकडे हा टेस्टर असतो, नसेल तर दुसरीकडे जा.

फॅन आणि जाळी

व्हिस्कस फॅनच्या डब्यात, म्हणजे फॅनच्या क्लचमध्ये, सिलिकॉन ऑइल असतं, गरम हवा लागली की ते आत सरकून फॅनला पंपाशी घट्ट जोडतं, गार असताना फॅन ढिला फिरतो. घाटात इंजिन तापल्यावर पुढून घोंघाव ऐकू यायलाच पाहिजे, ट्रकसारखा आवाज. सकाळी स्टार्ट केल्यावर मिनिटभर असा आवाज येऊन थांबतो तेही नॉर्मल. घाट चढतोय, काटा सरकतोय आणि पुढे सगळं शांत, तर क्लच गेला. खात्री करायची असेल तर गाडी चांगली तापवून बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, आणि कापड धरून फॅन हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. एका झटक्यात दोन-तीन फेरे फिरला तर तो क्लच घाटाच्या कामाचा नाही. डब्याभोवती काळपट तेलकट धूळ चिकटलेली असेल तर ऑइल गळून गेलंय. ऑइल भरून मिळतं, काही दिवस चालतं, पण ४ लाखांच्या पुढच्या गाडीला मी नवीनच सांगेन.

आता जाळी. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसते, कारण समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे, आणि या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षांची माती, किडे, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरचा भुसा, कोकणातली लाल धूळ, सगळं नमद्यासारखं दाबून बसलेलं असतं. वरच्या क्लिपा काढून रेडिएटर थोडा मागे घेतला की दिसतं. एका मित्राच्या गाडीचं हे आम्ही काढलं तेव्हा खालचा एक तृतीयांश भाग पूर्ण बंद होता, आरपार उजेडच दिसत नव्हता, आणि त्या गाडीला त्याच्या आधी एका गॅरेजने हेडचं एस्टिमेट दिलेलं होतं. साध्या पाइपने, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला धुवा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. सर्व्हिसिंग सेंटरचं प्रेशर वॉशर जवळ धरलं तर बारीक पत्र्या आडव्या होतात आणि हवा कायमची बंद.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

"आपल्याकडे गरम हवा आहे, थर्मोस्टॅटची गरज नाही," हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येतं आणि यानेच कित्येक चांगली इंजिनं लवकर खलास झालीत. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशाच्या आसपास उघडायला लागतो आणि इंजिनला ठरलेल्या तापमानावर ठेवतो. तो काढला की सपाट रस्त्याला इंजिन नीट तापतच नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होतं, अ‍ॅव्हरेज पडतो आणि लायनर-रिंगा झिजतात. दुसरं म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खाली एक चकती असते, ती उघडताना बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच नसला तर तो बायपास कायम उघडा, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात, आणि घाटात गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते. म्हणजे ज्यासाठी काढला तेच वाढलं.

तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याला लटकवून आणि एक थर्मामीटर, गॅसवर ठेवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला सुरुवात आणि त्याच्या दहा-पंधरा अंश वर गेल्यावर पूर्ण उघडलेला पाहिजे. अर्धवट उघडून राहिला की बदला.

पाणी कुठलं टाकता?

माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. पाणी कमी झालं की ढाब्यावरची बादली, पेट्रोल पंपाचा नळ, बोअरचं पाणी, जे मिळेल ते. आपल्याकडे मराठवाड्यात, नगर-सोलापूर पट्ट्यात बोअरचं पाणी किती क्षारांचं असतं ते घरच्या गिझरची कॉइल बघितली की कळतं. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात. शिवाय वारंवार साधं पाणी टाकत गेलं की कूलंटचं प्रमाण घटत जातं, त्यातलं गंज रोखणारं केमिकल संपतं आणि आतलं पाणी तांबूस होतं. कॅपच्या आत बोट फिरवल्यावर तांबडा गाळ लागला तर हे झालेलंच आहे.

आणि हळद. गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची पद्धत जुन्या पितळी रेडिएटरच्या काळातली आहे, आडरानात अडकलो आणि गावापर्यंत पोचायचं असेल तर समजू शकतो, पण हळद असो की बाटलीतलं स्टॉप-लीक, बाहेरची चीर बुजवताना ते आतल्या अरुंद अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि हीटरची कोरही बुजवतं. टाकलीच असेल तर पोचल्यावर लगेच फ्लश करा. कॉस्टिक सोड्यासारखं काही टाकून साफ करून देतो म्हणणाऱ्याला मात्र थांबवा, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आतून खरंच चोक असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला रॉड मारत बसण्यापेक्षा नवीन रेडिएटर घेणं शेवटी स्वस्त पडतं.

डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचं कूलंट, अर्धं-अर्धं. एक लिटरची तयार मिक्स बाटली डिकीत कायम. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं असं नसतं, दोन जाती मिसळून गाळ धरू शकतो, तेव्हा आधी काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून नवीन भरा.

आता हेडवर शंका घ्यायला हरकत नाही

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी पाणी जातंय, तर हे बघा. सकाळी थंड इंजिन स्टार्ट केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा मोठा होज दगडासारखा कडक होतो का? पाणी अजून तापलेलं नाही तर दाब आला कुठून, सिलिंडरमधून. कॅप उघडी ठेवून थंड स्टार्ट केलं आणि सुरुवातीचे हवेचे बुडबुडे संपल्यावरही बुडबुडे येतच राहिले, रेस केल्यावर वाढले, तेही तेच सांगतात. पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिस मारून पांढरा धूर आणि मग सगळं सुरळीत, म्हणजे रात्रभर पाणी आत झिरपलंय. निळ्या लिक्विडची ब्लॉक टेस्ट मिळाली तर करून घ्या, रेडिएटरच्या तोंडाशी जळालेला गॅस येत असेल तर रंग बदलतो.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी मलई दिसली की लगेच घाबरू नका, पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळ फिरवली तर ओलाव्यानेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर मात्र इंजिन स्टार्ट सुद्धा करू नका. आणि उलटं, ऑइल स्वच्छ आहे पण कूलंटमध्ये तेलाची साय तरंगतेय, तर हेडच्या आधी ऑइल कूलर तपासा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो म्हणून ऑइल पाण्यात येतं. हा कूलर बदलणं हेडच्या कामापेक्षा फार लहान काम आहे.

हेड उघडलंच तर समोर उभे राहा. स्ट्रेट एज आणि फिलर गेजने हेड मोजून दाखवायला सांगा, मशीन शॉपमध्ये क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट केल्याशिवाय नुसता फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घेऊ नका, आणि डिझेलला हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ग्रेड ठरतो. जुन्या गॅस्केटवरच्या खुणा बघून तोच ग्रेड मागवा. हेडचे बोल्ट नवीन, टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या क्रमाने.

लाखो किमी चाललेल्या गाड्यांचं इंजिन उघडतच नाही का?

हे बरेच जण विचारतात म्हणून लिहितो. गिनेसमध्ये नोंद असलेली अर्व्ह गॉर्डन यांची १९६६ ची व्होल्वो पी१८०० घ्या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहणारे शिक्षक, एकाच मालकाने एकच गाडी चालवली आणि २०१३ मध्ये अलास्कात ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किमीच्या वर. त्यातही इंजिनचं काम झालेलं आहे. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची १९७६ ची मर्सिडीज २४०डी टॅक्सी ४६ लाख किमी चालून २००४ मध्ये कंपनीच्या म्युझियममध्ये गेली, तिला तर इंजिनं आलटून पालटून लावलेली होती. गॉर्डन यांचं सांगणं कायम साधं होतं, कंपनीचं पुस्तक वाचा आणि त्यात लिहिलंय ते लिहिलंय त्या किलोमीटरला करा. आपल्याकडच्या टूरच्या गाड्यांतही ज्या ५ लाखांच्या पुढे नीट गेल्यात त्यांच्या डॅशबोर्डमध्ये तुम्हाला डायरी सापडेल, कुठल्या किलोमीटरला काय बदललं त्याची.

कूलिंगपुरतं माझं असं मत आहे की वरचा-खालचा होज, क्लॅम्प, कॅप, थर्मोस्टॅट आणि फॅन बेल्ट हे दीड-दोन लाख किमीला एकाच वेळी सगळं बदलावं, मोडायची वाट न बघता, आणि वॉटर पंप त्याच वेळी हाताने हलवून खेळ आलाय का बघावा. होज दाबून बघा, टोकाला फुगलेला किंवा आतून कुरकुर आवाज देणारा होज घाटात फुटतो, घरी नाही.

घाटात तापलीच तर

एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, काटा थोडा तरी उतरतो. जागा मिळाली की बाजूला घ्या. पाणी आहे, वाफ नाही, तर थोडी रेस देऊन इंजिन चालू ठेवा म्हणजे पंप आणि फॅन फिरत राहतील. वाफ येतेय किंवा काटा पडला तर लगेच बंद. कॅपला अर्धा तास तरी हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं, यात माणसं भाजलीत. आणि गरम इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, तसंच रेडिएटरमध्येही एकदम गार पाणी नको, हेडला क्रॅक जातो. निवल्यावर हळूहळू भरा.

काम झाल्यावर पाणी भरताना हवा काढणं बरेच जण विसरतात आणि मग दुरुस्त केलेली गाडी पहिल्याच दिवशी तापते. गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटरचा नॉब गरमवर, कॅप उघडी, इंजिन आयडलवर, पाणी बसत जाईल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होज गरम होतो आणि पातळी एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा, बुडबुडे थांबले की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर कॅप उघडून परत बघा, थोडं कमी झालेलं असेल ते भरा. मग एखादा घाट चढून या, परत आल्यावर रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी बाटलीवर मार्करने खूण करून ठेवा. दोन आठवडे ती खूण हलली नाही तर काम झालं. हलली तर वर लिहिलेलं लक्षण, कधी तापते, किती दिवसांत किती पाणी गेलं, प्रेशर टेस्टला काय झालं, हे सगळं गाडीचं मॉडेल आणि किलोमीटरसकट लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.